दुसरी चूल

मरिसेलला सोलापुरात येऊन अकरा महिने झाले, पण तिची हौस काही कमी होईना. फिलिपिन्सहून मिशनच्या कामाला आलेली ही बाई शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहते. रविवारी चर्च, एरवी दवाखान्यातल्या मुलींना शिकवणं आणि संध्याकाळी माझ्या सासूबाईंच्या, पार्वतम्मांच्या, मागं मागं फिरणं. सासूबाई भाकरी थापायला लागल्या की ती टाळ्या वाजवायची. मला रागच यायचा. रोज वीस भाकऱ्या मी थापते, माझ्यासाठी आजवर कुणी टाळी वाजवली नाही.

सासूबाईंच्या गळ्यातली चांदीची डबी तिला औषधाची वाटायची. एकदा विचारलंच, "अम्मा, शुगरची गोळी?" सासूबाई पोट धरून हसल्या आणि डबीतलं इष्टलिंग दाखवलं.

"देव गळ्यात? मग देऊळ कशाला?"

"ह्ये माजं. देऊळ गावाचं."

मरिसेलनं ते लगेच वहीत लिहून घेतलं.

वेळ अमावस्या जवळ आली तशी ती कानात वारं शिरलेल्या वासरासारखी घरभर नाचायला लागली. त्या दिवशी आम्ही सगळे मंद्रूपकडच्या शेतात जातो. कडब्याची खोप करून पाच दगड मांडतो, पुजतो, शेंगा-दाण्यांची मिसळीची भाजी, म्हणजे भज्जी, करतो. शेतात आलेला माणूस उपाशी जात नाही. भज्जीचा नैवेद्य आधी त्या दगडांना, हे मात्र मी तिला चार दिवस आधी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली. "अम्मा, मी येते. पण देवाला दाखवलेलं मी खात नाही. येशूला शब्द दिलाय." तिचे डोळे भरले होते.

"मग येऊन काय करनार? समद्यांम्होरं उपाशी बसनार?"

सासूबाई तीन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. नुसती भांडी आपटत होत्या. चाळीस वर्षांत त्यांच्या शेतातून कुणी उपाशी गेलं नव्हतं, आणि आता भावकीसमोर ते होणार होतं. मरिसेल दुसरी खोली बघायला लागली. मला दोघींचाही राग आला आणि दोघींसाठी वाईटही वाटलं.

अमावस्येच्या पहाटे सासूबाईंनी तिचं दार वाजवलं. "मारीअव्वा, ऊठ की. टेंपो आलाय." ती भाताचा डबा घेऊन उतरली. सासूबाईंनी डबा काढून घेतला आणि घरातच ठेवला.

शेतात भज्जीची चूल पेटली तशी त्यांनी मला बांधाजवळ आणखी तीन दगड मांडायला लावले.

"दुसरी चूल कशाला?"

"इचारू नगंस. फू मार."

तीच तूर, त्याच वालाच्या शेंगा, दुसरं पातेलं. त्यातून नैवेद्य निघाला नाही. पूजा झाली, आंबील शिंपडली, पंगत बसली. सासूबाईंनी बोरीखाली बसलेल्या मरिसेलला हाताला धरून आणलं आणि दुसऱ्या पातेल्यातलं वाढलं. "ह्यातलं कुनालाच दावलं न्हाय. जेव."

मरिसेल त्यांच्याकडं बघतच राहिली. मग डोळे मिटून प्रार्थना करायला लागली. आमचे हात पत्रावळीवर गेलेच होते.

"थांबा जरा," सासूबाई पंगतीवर ओरडल्या, "तिचं होऊ द्या." बावीस माणसं थांबली. एवढी शांत पंगत मी आमच्यात कधी पाहिली नाही, आणि खरं सांगते, मला भारी आनंद झाला.

प्रार्थना संपली. सासूबाईंनी प्रसादाचा घास तोंडात टाकला आणि मरिसेलशेजारी बसून स्वतःच्या पानावर तिच्याच पातेल्यातलं वाढून घेतलं.

"वैनी, देवाचं सोडून ह्यातलं जेवतीस व्हय?" त्यांचे चुलत दीर चनबसप्पा म्हणाले.

"देवाचं घेतलं की. पाहुनीला एकटीला जेवाय लावायची रीत हाय का आपल्यात?"

चनबसप्पांनी पत्रावळ पुढं सरकवली. "मग हिकडंबी वाढ की."

दुसरं पातेलं आधी संपलं. मला त्यातला घासही मिळाला नाही, आणि घासायला मात्र ते माझ्याच वाट्याला आलं. मरिसेल माझ्या शेजारी बसून राख लावत होती. दुसऱ्या खोलीचं तिनं परत नाव काढलं नाही.