दोन माणसं उतरवली म्हणून

ती दुपार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी सातवी शिकलेली बाई. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार होऊन घरी बसले. नाशिक जिल्ह्यातच सगळी नोकरी झाली. खून, दरोडे पाहिले, ते विसरले. हे प्रकरण विसरले नाही.

शहराबाहेरच्या लहान धावपट्टीवरून एक छोटं प्रवासी विमान उडालं आणि पुढच्या कांद्याच्या शेतात पडलं. जेमतेम नऊ जणांचं विमान. सगळ्या जागा एका लग्नाच्या वऱ्हाडाने घेतल्या होत्या. मुलगी निफाडकडची, द्राक्ष बागायतदाराची. सासर लांब, विदर्भात. गावकऱ्यांनी वऱ्हाडाला पुढच्या दाराने बाहेर ओढलं. नवरा-नवरी वाचली, काहींची हाडं मोडली. वैमानिक आत अडकला आणि गेला. मागचा भाग जळून खाक झाला.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "तो विमानवाला पिऊन होता. तपासा." एवढंच बोलून फोन ठेवला.

ठाण्यात असा फोन आला की तो ठाण्यात राहत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तेच, पंचवटीच्या भाजीबाजारात तेच. रक्ताचा अहवाल यायला वेळ लागतो, अफवेला लागत नाही. वैमानिकाची बायको प्रेत ताब्यात घ्यायला आली, तेव्हा रुग्णालयाच्या दारात कुणीतरी तिला ऐकवलं, "नवऱ्याला आवरायचं होतं ना." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, माझा माणूस दारूला शिवत नव्हता. हे तुम्ही लिहून घ्या." मी लिहून घेतलं. बायकोचा जबाब कोण धरतो?

फोन कुठून आला ते काढलं. नवऱ्या मुलाचा काका निघाला. साहेबांनी त्याला बसवला.

"पिताना पाहिलंत?"

"पाहायचं काय त्यात? मला आणि माझ्या मेव्हण्याला विमानातून खाली उतरवलं त्याने. ऐन वऱ्हाडात! म्हणतो, ऊन वाढलंय, एवढी माणसं घेऊन उडता येणार नाही. मोठ्या माणसाशी शुद्धीतला माणूस असं बोलतो का?"

"म्हणजे वास नव्हता, काही नव्हतं?"

"उद्धटपणा होता ना!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ज्याने याला उतरवून वाचवलं, त्याच्यावरच याने दारू ओतली होती.

विमान खात्याचे अधिकारी तपासाला आले होते. त्यांनी मला साध्या भाषेत सांगितलं. मोठ्या विमानात माणसाचं वजन अंदाजाने धरतात. लहान विमानात माणूसही काट्यावर उभा करतात, हातातल्या पिशवीसकट. ऊन जास्त असलं की हवा विरळ होते आणि विमानाला उचलायला जास्त पळावं लागतं. पट्टी आखूड असेल तर वजन कमी करायचं. वजन मागे जास्त झालं तर शेपूट दबतं, मग नाक आवरत नाही. वैमानिकाने नियमाप्रमाणे हिशेब करून दोन माणसं कमी केली होती. मग विमान नीट वर का गेलं नाही?

पंचनाम्यात थोडी द्राक्षं सापडली होती. घरच्यांनी सांगितलं, वाटेत खायला घेतली, वजनात धरली होती. सामान चढवणारा माणूस म्हणाला, वजन झाल्यावर जास्तीचं काही चढवलं नाही. सगळ्यांचे जबाब एकसारखे. जबाब इतके जुळले की मला घरात बैठक झाल्याचा वास येतो.

बायकांचे जबाब माझ्याकडे होते. नवरीची आत्या मोठी करारी. दोनदा विचारलं, दोनदा "मला नाय ठाऊक." माणूस गुन्हा लपवतो, पण दिलेलं लपवत नाही. मुलाकडच्या बायका रुग्णालयात कुरकुरत होत्या, ते मी ऐकलं होतं. तेच पुढे केलं.

"आत्याबाई, मुलाकडचे म्हणतात, एवढे बागायतदार, पण पोरीला हात हलवत पाठवली."

ती ताडकन उठली. "कोण म्हणतं? हात हलवत? त्यांच्या अख्ख्या भावकीला घरोघर वाटायला द्राक्षाच्या पेट्या दिल्या आम्ही! एक्सपोर्टचा माल! जागा नाय म्हणून आधी पेट्या खालीच सोडून जायच्या होत्या. मग ती दोन माणसं उतरली, तर दादा म्हणला, आता वजन मोकळं झालं, भरा पेट्या. त्या सामानवाल्याला मीच लाडू दिला. तो म्हणला, वजन करावं लागंल. दादा म्हणला, अरे दोन माणसांपेक्षा पेट्या जड हाय का? लग्नघर हाय, पोरीला रिकामी लावू का?"

मग ती थांबली. दादा म्हणजे तिचा भाऊ, नवरीचा बाप. आपण काय बोललो ते तिला कळलं. पदर तोंडाला लावून खाली बसली. "बाई, हे लिहू नका," म्हणाली. मी लिहीत होते.

दोन माणसं सामानाला जागा करायला उतरवली नव्हती. ती उन्हाची किंमत होती. वैमानिक पुढे बसलेला, मागचं दार उघडून पेट्या भरल्या हे त्याला कुणी सांगितलं नाही. सामानवाला नंतर माझ्यापुढे रडला. "नवरीच्या बापाला नाही कसं म्हणायचं?" दोघांवर गुन्हा दाखल झाला. आपल्याच पोरीला बापाने त्या विमानात बसवलं होतं, आणि सगळं तिच्या मानासाठीच केलं होतं. ती पोर सासरी कशी राहते, ते मी विचारलं नाही.

रक्ताचा अहवाल आला. दारूचा अंशही नव्हता. मी स्वतः जाऊन वैमानिकाच्या बायकोला सांगितलं. वाटलं, जरा हलकी होईल. ती म्हणाली, "हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा ना." मी निघून आले. वैमानिक प्यायला होता, ही आधीची बातमी पेपरात ठळक होती. अहवालाची छापून आली का, मला दिसली नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की आपल्या लोकांना नियम म्हणजे अपमान वाटतो. काट्यावर उभं राहा म्हटलं की राग, उतरा म्हटलं की राग. आणि नाही म्हणणारा माणूस उद्धट, नाहीतर प्यायलेला. मान राखायला आम्ही माणूस घालवतो, वर त्याचं नावही घालवतो. गुन्हा शोधता येतो. गेलेलं नाव घरोघर फिरून परत आणायला पोलिसात कुणाची नेमणूक होत नाही.

मी इथे कुणाचंच नाव घेतलेलं नाही, त्याचंही नाही. पण तेव्हा नाशकात ज्यांनी ही गोष्ट चहासोबत चघळली, त्यांना मी कुणाबद्दल बोलते ते कळेल. त्यांच्यासाठी लिहिते. तो माणूस प्यायलेला नव्हता.