गच्चीवर वाळत घातलेले बेसबॉल

मंडळी, आज फार थकलो. नात सई कॉलेजात बेसबॉल खेळते. संघाचे बॅटिंगच्या सरावाचे बॉल आमच्याकडे असतात. काल ते भिजले. आमच्या दक्षिणेकडच्या वेलचेरीच्या दमट हवेत चामड्याला बुरशी लागेल, या धास्तीने मी सकाळीच ते गच्चीवर उन्हात पसरले.

बाजूलाच तांदळाचे वडाम, म्हणजे इथल्या कुरडया, वाळत घालणाऱ्या शेजारच्या मामी हसल्या. "तात्या, तुमचे वडाम फारच जाड झालेत!"

दिवसभर राखण केली. संध्याकाळी सई आली, तर चामडं कडक, शिवण उसवलेली.

"आजोबा, सावलीत वाळवायचे असतात हो! उद्या सराव कशाने करू?"

ओरडली नाही, तेच जास्त लागलं. बॉलची बॅग माझ्या खाटेखालीच ठेवली, पण हात लावू नका म्हणाली.

पंखा तेवढा मी बॅगेकडे वळवलाय. तो तरी चालतो ना?