न आटणारी बाटली

अकोइया नर्सबाईंना बेटावर सगळे मानत आणि माघारी नाकं मुरडत. 'बुबुती' म्हणून कुणी काही मागितलं तर पॅसिफिकमधल्या या किरिबातीत नाही म्हणायचं नसतं, घराण्याची लाज जाते. या बाई मात्र सत्तावीस वर्षं दवाखान्याच्या दारात नाहीच म्हणत आलेल्या. "सरकारी औषध आहे, माझ्या बापाची होडी नाही!" वर हेही ऐकवायच्या. होडी मागितली असती तर बिचाऱ्यांनी दिलीही असती.

सोमवारी मारेवेच्या चार वर्षांच्या योतेबाला न्यूमोनिया झाला. बाईंनी अँटिबायोटिकची पूड गार केलेल्या उकळलेल्या पाण्यात कालवली, बाटलीवर औषधाच्या पातळीशी रेघ मारली. "दिवसातून तीन चमचे. ओल्या वाळूत पुरून ठेव, गार राहील."

शुक्रवारी त्या बघायला गेल्या. पोराच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. बाटली घरामागे, मारेवेच्या सासऱ्याच्या थडग्याच्या सावलीत पुरलेली. बाईंनी ती उपसली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. औषध बरोबर रेघेवर होतं.

"चमचे दिले नाहीस?"

"एकही चुकवला नाही, बाई." मारेवेने आवाज खाली आणला. "म्हातारा भरतो. नातवावर फार जीव होता त्याचा."

दवाखान्यात बेटावरची शेवटची बाटली उरली होती. तीही म्हाताऱ्याच्या हवाली कशी करायची? बाटली पुन्हा पुरून बाई केवड्याआड पाळतीवर बसल्या. भर दुपार, वारा पडलेला, कोंबडंसुद्धा ओरडत नव्हतं. थडग्याकडे जाणारी ओली पावलं तेवढी वाळूत उमटलेली होती. बाई भुताला मानत नसत, तरी घाबरल्या.

"मारेवे, बुबुती गं!"

"घे बाई," आतून मारेवे न बघताच म्हणाली.

कडेवर पोर घेतलेल्या एका शेजारणीने वाळूतून बाटली काढली, पोराला चमचा पाजला आणि करवंटीतलं चमचाभर पाणी बाटलीत ओतलं. मग दुसरी आली. तिसरी आली ती बाईंची सून, तावरिबा.

"अगं, काय करतेस!"

तावरिबा दचकली, पण हटली नाही. "पोर खोकतंय, सासूबाई. घेतलं तेवढं भरून ठेवतो आम्ही, मारेवेला कमी पडू नये म्हणून."

"पाणीच पाजत होती की ती लेकराला! माझ्याकडे का नाही आलीस?"

"तुम्ही नाही म्हणता. मारेवे म्हणत नाही."

बाईंनी योतेबाला उचलून दवाखान्यात आणलं आणि शेवटची बाटली उघडली. चौथ्या दिवशी त्याने मासा मागितला. त्याच दुपारी तावरिबा आपलं खोकणारं पोर घेऊन दारात उभी राहिली.

"सासूबाई, बुबुती. आता बरा झालाय की योतेबा."

"बाटली संपेपर्यंत बरा नाही." बाईंनी नातवाच्या छातीला कान लावला. साधी सर्दी वाटत होती. वाटत होती, एवढंच. "नाही," त्या म्हणाल्या, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं.

त्यांनी योतेबाला चमचा पाजून बाटली उजेडात धरली. औषध चमचाभर खाली गेलं होतं. वाटेवरून नातवाचा खोकला दूर दूर जात ऐकू येत राहिला.