पार्वताबाईंची पावलं आणि काचेचा कण

मंजुषा बाळापूरच्या भाजीवाल्या घरातली. अमरावतीच्या एका कॉलेजात पीएचडीसाठी सहा वर्षं ती एकच काम करत होती: काचेचा एक कण उजेडात तरंगत ठेवायचा. कण केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा. लेसरचा झोत भिंगातून एका बिंदूवर आणला की तो तिथं अडकायचा. भोवतीची हवा पंपानं काढून घेतली की त्याला कशाचाच स्पर्श उरत नाही. मग अगदी बारीक धक्काही त्याच्या थरथरीवरून मोजता येतो. पण हवा विरळ झाली की कण निसटायचा. रोजच. तिनं भिंग बदललं, लेसर दोनदा दुरुस्त करून घेतला. बरोबरचे सगळे कधीच नोकरीला लागले होते.

एका दुपारी डोळे दाखवायला आलेली तिची आई, पार्वताबाई, प्रयोगशाळेत येऊन बसली.

"हा ठिपका काय व?" पडद्याकडे बघत तिनं विचारलं.

"तोच कण, माय. उजेडानं धरून ठेवला हाये."

"मंग रोज पडते म्हणते, ते काहून?"

"तेच तर समजून नाही राह्यलं." मंजुषानं डोळे मिटून घेतले.

पार्वताबाई पाणी प्यायला उठली. तशी पडद्यावर ठिपक्याखाली कणाची थरथर दाखवणारी रेघ उसळली.

"माय, थांब! आता दारापर्यंत जाऊन ये."

"काहून? म्या काय केलं?"

"चाल ना फक्त."

पावलागणिक रेघ उसळत होती. मंजुषा खाली वाकली. प्रयोगाच्या टेबलाचे चारही पाय हवेच्या गाद्यांवर उभे असतात, म्हणजे जमिनीचा हादरा वर पोचत नाही. एका कोपऱ्यातली गादी हवा जाऊन बसलेली होती. कणाभोवती हवा असेतो ती हादरे जिरवायची; ती काढली की त्याच हादऱ्यांनी कण निसटत होता. कधीपासून, कोण जाणे. मंजुषा तिथंच फरशीवर बसून राहिली. दीड वर्ष तिनं लेसरलाच बोल लावला होता.

"रडून राह्यली का व?"

"नाही माय. थकली."

नवी गादी यायला तीन आठवडे लागले. त्यानंतर पहिल्याच खेपेला कण निर्वातात साडेतीन तास टिकला. तिच्या मार्गदर्शक सरांनी टाळ्या वाजवल्या. आता त्याची थरथर कमी करत करत जवळजवळ थांबवायची होती. अणूंच्या जगाचे नियम या कणालाही लागू पडतात का, हे पाहणारं क्वांटम मोजमाप त्याच्याही पुढं. आणखी दोन वर्षं तरी. मंजुषानं नोंदवहीत वेळ लिहिली, चार दिवसांची सुट्टी मागितली आणि बाळापूरला जाऊन पहिले दोन दिवस नुसती झोपली.