नकाशात न बसलेली एकशे बारा घरं

पत्र निम्मं वाचून ठेवून देण्याची तुझी जुनी खोड, म्हणून थोडक्यात लिहिते. वहिनीने कळवलं, तू हल्ली दिवसभर खुर्चीत बसून असतोस. नातवंडांना वाटतं आजोबांना विसर पडायला लागलाय. पडला असता तर बरं झालं असतं.

पाणीखात्यात तुला सगळे जोडारी म्हणायचे. साहेबाला नळांची यादी नकाशावर दिसायला हवी होती. यादी तुमच्या संगणकात, नकाशा भूमापन कचेरीच्या. तू दोन्ही जोडलेस. यादीतला प्लॉट नंबर नकाशातल्या नंबराशी जुळला की ते घर पडद्यावर निळं उमटायचं. मला मुद्दाम दाखवायला नेलंस, वय वर्षं पंचावन्न आणि ऐट शाळकरी पोराची.

नाल्यापलीकडच्या वस्तीला मात्र प्लॉट नंबर नव्हते. एकशे बारा घरं, नळ रीतसर, पण नकाशात तिथे मोकळी जमीन. संगणकाला तू सांगितलं होतंस, जुळेल तेवढंच दाखव. न जुळलेलीही खाली दाखव, ही एक ओळ तू घातली नाहीस. विसरला नव्हतास. पाहणीच्या दिवशी पडदा नीटनेटका दिसावा म्हणून गाळलीस, हे तूच मला सांगितलंस. साहेबाने पडद्यावर दिसली तेवढीच यादी सही करून पुढे धाडली. नवी पाइपलाइन यादीबरहुकूम पडली आणि जुनी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी तू ओळ घातलीस. वरातीमागून घोडं. सही झालेली यादी बदलायची तर साहेबाला ती घरं नकाशात हवी होती, आणि नकाशात पुढच्या मोजणीशिवाय काही चढत नाही, म्हणजे तीन वर्षं. भूमापनातल्या कारकुनाने वर तुलाच ऐकवलं, "जोडारीसाहेब, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मग तू सुट्टीच्या दिवशी वस्तीत फिरून एकेका उंबऱ्याचं ठिकाण फोनवर नोंदवलंस. लोक आधी खुर्ची द्यायचे, नंतर दार लावून घ्यायला लागले, नंतर घरंच रिकामी दिसू लागली. बिनपाण्याचं कोण किती दिवस राहणार? तू निवृत्त झालास तेव्हा एकवीस कुटुंबं उरली होती. त्यांच्या सह्या घेऊन तू खास मोजणीचा अर्ज लिहिलास आणि माझ्याकडे आलास. मुदत महिनाअखेरची होती.

"ताई, तू नेऊन दे. मला पाहिलं की भूमापनवाले खिडकी लावतात. तुझे पांढरे केस बघून तरी घेतील."

"आता उरलंय कोण तिथे?"

"एकवीस."

"ठेव. सोमवारी जाते."

सोमवारी गुडघा दुखत होता. मंगळवारी दुखत नव्हता. खरं सांगते, मला त्या रांगेचा कंटाळा आला होता, आणि काही होणार नाही याची खात्री होती. मुदत टळली. तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही. त्यांनी अर्ज फेटाळला, असंच तू आजवर समजतोस.

तो माझ्या कपाटात आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही.