गार्डमामांचा चावीचा कॅमेरा

गार्डमामांनी दुकानदाराच्या शब्दावर कधी काडीसुद्धा घेतली नाही. छत्री घ्यायची तर ती भर पावसात. दुकानाबाहेर उघडून तिच्याखाली खांबासारखं उभं राहायचं, आणि खांद्यावर एक थेंब आला की छत्री परत. कंदील पेटवून वाऱ्यात फिरवून आणायचे, मग पैशाचं बोलायचे. लोणावळ्याच्या बाजारात ते दिसले की दुकानदार एकमेकांना खुणावत, "आलं बघा तपासनीस." मामांना त्याचं काही वाटत नसे. "आधी काम सांगावं, मग हत्यार मागावं," एवढंच म्हणत.

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. मालगाडीवर गार्ड होते, लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत राहायचे. आईला ते आक्का म्हणत. सुट्टी मिळाली की आमच्याकडे मळवलीला यायचे, ओट्यावर बसायचे आणि आई विहिरीवरून पाणी आणताना बघत राहायचे. तिच्या उजव्या पावलावर लहानपणी बैलाचा पाय पडला होता, म्हणून ती जरा लंगडत चालायची. कळशी कमरेवर, एक पाऊल लांब, एक आखूड. पण पाणी सांडायचं नाही.

मामांच्या घरात त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, एकच फोटो होता. त्या काळी माणूस गेल्यावर फोटोवाल्याला बोलवायची रीत होती. गेलेल्याला खुर्चीत बसवायचं, पदर नीट करायचा, नंतर फोटोवर शाईनं उघडे डोळे काढायचे. मामा त्या फोटोकडे बघून मला म्हणत, "ही कोन बाई, किस्ना? ही बसलीय. आमची आय जल्मात कवा बसली व्हती?"

त्यातूनच त्यांच्या मनानं घेतलं की घरात कॅमेरा पाहिजे. बारसं, हळद, लग्न, सगळं जित्याचं धरून ठेवायचं. त्यातही आक्काची चाल तर पाहिजेच. लोणावळ्यात एका पारशी शेठचा बंगला होता. त्याला कॅमेऱ्यांचा नाद. एक डब्याचा कॅमेरा आणि एक चावी देऊन हलतं चित्र धरणारा, असे दोन तो विकायला काढणार होता. मामा मला घेऊन गेले.

शेठ म्हणाला, "डबा घे नी गार्ड. मजबूत हाय. चावीवाला तुला कशाला?"

"शेठ, डब्यात माणूस चालतं का?"

"डब्यात माणूस उभा ऱ्हाते."

"मंग उभी माणसं लय हायत आमच्याकडं."

मामांनी खिशातून रेल्वेचं घड्याळ काढलं. विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत यायला आक्काला किती वेळ लागतो, हे त्यांनी तिच्या नकळत आधीच मोजून ठेवलं होतं. चावी पिळली, घड्याळ कानाशी धरलं. कॅमेरा करकरत राहिला आणि थांबला. मामा हसले. "येती. उंबऱ्याच्या आत येती." कॅमेरा घेतला तो असा.

माझ्या धाकट्या बहिणीची हळद होती, त्या सकाळी मामा एकच रीळ घेऊन आले. त्यांनी अंगणात सगळ्यांना बजावलं, हे हलतं चित्र आहे, आपापली कामं करा. आणि इथं मी आडवा आलो. मी तिसरीतून शाळा सोडलेला, पण सबंध गावात स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतलेला एकटाच. तिथं मागून लोखंडी चाप लावून माझी मान धरली होती. मला वाटायचं, यातलं मला कळतं.

"हलायचं न्हाई कुनी!" मी ओरडलो. "हललं की तोंड पुसून निघतं."

"आरं, चालू दे त्यांना!" मामा कॅमेऱ्यामागून म्हणाले.

"मामा, तुमी गाडीचं बगा. फोटूचं मला ठावं हाय."

कॅमेरा करकरू लागला की सगळे श्वास धरून उभे. मामांनी पुन्हा समजावलं, पुन्हा चावी दिली, पुन्हा तेच. आई कळशी घेऊन निम्म्या वाटेवर आली होती, ती तिथंच थांबली. "चल की गं आक्का!" मामा ओरडले. ती ओठ न हलवता म्हणाली, "किस्ना सांगतोय न्हवं, तसंच असंल." रीळ संपलं. मामांनी घाम पुसला. "असू दे. फुडच्या रिळाला बगू."

पुढचं रीळ आलंच नाही. लढाई सुरू झाली आणि रिळं मिळेनाशी झाली. श्रावणात आईला ताप भरला, आणि पाचव्या दिवशी ती गेली.

दसरा झाल्यावर शेठ बंगल्यावर आला. चित्र दाखवायचं यंत्र त्याच्याकडेच होतं. दुपारी पडदे ओढून त्यानं आधी आपल्या घरचं चित्र लावलं. त्याच्या नाती गवतावर पळत होत्या, पडत होत्या, हसत उठत होत्या. हलतं चित्र म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मग आमचं लागलं. सगळं घर खांबासारखं उभं. मागं म्हशीची शेपटी तेवढी हलत होती. आई कळशी घेऊन, डोळे ताणून, मी सांगितलं होतं तशी थांबलेली. वाऱ्यानं तिचा पदर जरासा उडाला आणि पडदा पांढरा झाला.

मामा म्हणाले, "शेठ, पुन्यांदा लावा." दुसऱ्यांदाही ती चालली नाही.

मामांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. माझं चुकलं, असं मी त्यांना कधी म्हणालो नाही. त्यांनीही तो विषय कधी काढला नाही. आज हे लिहितोय ते म्हणूनच.

त्या दुपारी बंगल्यातून निघालो तेव्हा मामा गणवेशात होते, तिथूनच गाडीवर जायचं होतं. मी एवढंच म्हणालो, "मामा, आयची चाल..." मामा थांबले. हातातली गार्डाची पेटी त्यांनी माझ्याकडे दिली. कमरेवर कळशी धरावी तसा डावा हात वाकवला, उजवा पाय जरा लंगडता टाकला आणि चालू लागले.

"अशी यायची. बगून ठेव."

हवा खायला आलेली मंडळी रस्त्यावर थबकली. कुणीतरी हसलंसुद्धा. मामांनी मान वळवली नाही. एक पाऊल लांब, एक आखूड, रेल्वेच्या फाटकापर्यंत ते तसेच चालत गेले, आणि मी पेटी उराशी धरून त्यांच्या मागून बघत गेलो.