तांदळाच्या खोलीची कडी

"चला, हा मासळीबाजार आत!" गुरुजी म्हणाले. त्यांनी आम्हा चार-पाच जणांना शाळेच्या खिचडीच्या तांदळाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

आम्ही चौथीतली कोळ्यांची पोरं. त्या दिवशी शाळेची तपासणी होती, तालुक्याहून साहेब यायचे होते. आणि आम्हाला वाचता येत नव्हतं. येणार कुठून? सगळ्या वर्गांना मिळून एकच गुरुजी, आणि त्यांचा जीव त्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत. शाळेच्या वेळेत आम्ही तिथं नारळ गोळा करायचो. त्यांची स्वतःची मुलगी श्रीवर्धनच्या मोठ्या शाळेत.

खोलीत अंधार, उंदीर, कोंडा. साहेबांनी हजेरी घेतली. माझं नाव आलं.

"हजर, सर!"

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. फटीतून पाहिलं. माझ्या जागेवर गुरुजींची मुलगी उभी होती. तिनं घडाघडा धडा वाचला. साहेब माझं नाव घेऊन म्हणाले, "शाब्बास!"

तोवर मला वाटायचं, आपण ढ आहोत, कोंडलं तर बरोबरच आहे. त्या शाब्बासनं माझं डोकं फिरलं. मी दारावर लाथ घातली. बाकीच्यांनी माझा फ्रॉक धरला. "गप ऱ्हा गो, मारतील!" मी आणखी एक घातली.

"ती मी न्हाय! मी हितं कोंडलेली हाय!"

साहेबांनी दाराकडे मान वळवली. मग गुरुजी हसले. "जरा वेडसर आहे ती, साहेब." साहेब शहाळं प्यायले आणि गेले. शाळेला उत्तम शेरा मिळाला. मला छडी मिळाली. मारताना गुरुजी म्हणत होते, "वाचता येत असतं तर कोंडलं असतं का तुला?"

लग्न गावातच झालं. वाचायला शिकले ती लेकीच्या पहिलीच्या पुस्तकातून, दात-ओठ खात. मग हळूहळू सगळं कळलं. आम्हाला लपवलं म्हणून शाळा उत्तम ठरली. शाळा उत्तम म्हणून दुसरा शिक्षक कुणी धाडलाच नाही. आजही तिथं एकच मास्तर आहे, अर्धा वेळ मोबाईलवर माहिती भरत बसलेला.

ते गुरुजी आता केंद्रप्रमुख झालेत. उद्या तपासणीला तेच येणार आहेत. मी शाळा समितीची अध्यक्ष. परवा मास्तरांचा फोन आला. "ताई, तीन-चार पोरांचं वाचन फार कच्चं आहे. तपासणीच्या दिवशी घरीच ठेवायला सांगाल का त्यांना?"

माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, "व्हय, बघते."

बघितलं. आज सकाळी तांदळाच्या खोलीची कडी उचकटून काढली. आता ती माझ्या पिशवीत आहे.

उद्या ती पोरं पहिल्या रांगेत बसतील. सगळ्या कोळणींना मी बोलावलंय, बाजार बुडाला तरी चालेल. पोरं अडखळतील. अडखळू देत, लाज त्यांची नाही. मग कडी गुरुजींसमोर टेबलावर ठेवीन आणि सांगेन, शेऱ्यात लिहा, या शाळेत पोरांना वाचता येत नाही, शिक्षक द्या. खाली सही करा. दारात मी उभी असेन. मला माफी नको, गुरुजींचा घाम बघायचाय.

सही झाली की माझं माहेरचं नाव मी स्वतः पुकारीन, आणि हजर म्हणेन. तोवर त्यांना खुर्चीवरून उठू देणार नाही.